कोकणातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र : शेडच्या छताचा फोम उघडा राहू देऊ नका

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

मी लोखंडी शेड उभारणारा माणूस आहे. गॅरेज, वेल्डिंगची दुकाने, काजूचे छोटे कारखाने, आंब्याची पॅकिंग शेड, बागेतले मांगर (राखणीच्या आणि सामानाच्या खोपी) अशी कामे करतो. आपल्या गावांत यातले बरेचसे बांधकाम आपल्या ना हरकत दाखल्यावर उभे राहते, म्हणून हे पत्र आपल्याला. मागणी एकच आहे. ज्या शेडमध्ये माणसे काम करतात किंवा माल ठेवतात, तिथे छताला किंवा भिंतीला मारलेला स्प्रे फोम उघडा राहिला असेल, तर तो आगरोधक थराने झाकल्याशिवाय दाखला देऊ नका आणि जुन्या दाखल्याचे नूतनीकरणही करू नका.

फोमवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. हा फोम आपल्याकडे का आला ते मी जवळून पाहिले आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. कौले उडाली, सिमेंटचे पत्रे फुटले, आणि नंतर ज्याला त्याला घाईने छप्पर हवे होते. रंगीत लोखंडी पत्रा लवकर चढतो, म्हणून तो सगळीकडे चढला. मग मार्च उजाडला की त्याखाली उभे राहवेना. पावसात आवाज इतका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना, आणि श्रावणात रात्री पत्र्याला आतून घाम सुटून खालच्या मालावर थेंब पडू लागले. पत्र्याच्या आतल्या बाजूने एक-दोन इंच पॉलियुरेथेन फोम मारला की हे तिन्ही त्रास एका दिवसात कमी होतात. मी स्वतः गिऱ्हाइकांना तो सुचवतो आणि पुढेही सुचवीन.

पण काम तिथेच थांबते. फवारणीची गाडी निघून जाते, वर पिवळसर, खडबडीत फोम दिसत राहतो, आणि सगळे समजतात की झाले. खरे तर अर्धेच झालेले असते.

फोम म्हणजे दोन द्रव्ये बंदुकीच्या तोंडाशी मिसळून फुगवलेले प्लॅस्टिक. वीस फूट बाय चाळीस फुटांची शेड धरा, म्हणजे साधारण पंचाहत्तर चौरस मीटर छत. त्यावर ५० मिलिमीटर जाडीचा बंद पेशींचा कडक फोम मारला तर त्याचे वजन सुमारे १३० किलो भरते. तो पूर्ण जळाला तर जी उष्णता बाहेर पडेल, ती घरगुती गॅसच्या साधारण पाच भरलेल्या सिलिंडरांएवढी होते. डोक्यावर पाच सिलिंडर टांगून त्याखाली ग्राइंडर चालवायला कोणी तयार होणार नाही. फोम मात्र हलका दिसतो, हाताला मऊसर लागतो, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. शिवाय त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही असतो. अशा आगीत माणूस बहुधा भाजण्याआधी धुरानेच कोसळतो.

इथे फोमवाला एक प्रयोग करून दाखवतो आणि गिऱ्हाइकाचे समाधान होते. फोमचा हातभर तुकडा घेतो, लायटर लावतो, तुकडा काळा पडतो, लायटर बाजूला केला की विझतो. "बघा, फायर रिटार्डंट आहे, आपोआप विझतो." तो खोटे बोलत नाही. तुकडा विझतोच. पण चुलीतले एक लाकूड ओढून बाजूला ठेवले तरी ते विझते, आणि चार लाकडे एकमेकांना लागून असली की पेटती राहतात. सुटा तुकडा आपली उष्णता मोकळ्या हवेत घालवून बसतो. छतावर तसे होत नाही. तिथे गरम वायू वरच कोंडतात, एका भागाची धग दुसऱ्या भागावर पडते, पत्र्याची उतरण आगीला वाट देते, आणि रिटार्डंट, म्हणजे आग मंदावणारे रसायन, घातलेला फोमही सरसर पेटत जातो. रिटार्डंटमुळे छोट्या ठिणगीने पेटायला थोडा वेळ जास्त लागतो, त्यापलीकडे त्याचे काम नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत याच मुद्द्यावरून सरकार आणि प्लॅस्टिक उद्योग समोरासमोर आले होते. लहान नमुन्यांच्या चाचणीवरून फोमला 'आपोआप विझणारा' म्हणून विकणे लोकांची दिशाभूल करणारे आहे, असे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठणकावले. तेच शब्द आज आपल्या हायवेकडेच्या शेडमध्ये पुन्हा ऐकू येतात. म्हणून विनंती आहे की 'फायर रिटार्डंट फोम' असे लिहिलेले प्रमाणपत्र आपल्या टेबलावर आले, तर ते झाकणाच्या थराऐवजी मान्य करू नका.

दक्षिण कोरियातले इचिओन हे शहर मला सतत आठवते, कारण तिथली आग आपल्या कामांच्या फार जवळची आहे. ७ जानेवारी २००८ रोजी तिथे शीतगृहाच्या बांधकामात आग लागली आणि आतल्या पॉलियुरेथेन फोममुळे ती क्षणात पसरली. चाळीस कामगार गेले. बारा वर्षांनी, २९ एप्रिल २०२० रोजी, त्याच इचिओनमध्ये गोदामाच्या बांधकामावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी फोम पेटला आणि अडतीस जण गेले. एकाच शहरात, फोममुळेच, दोनदा. मासळीची शीतगृहे आणि बर्फाचे कारखाने आपल्याकडे बंदराबंदरांत आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीला वेल्डर लागतोच.

आता आपल्या शेडमध्ये खाली काय चाललेले असते ते बघा. वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्या दिवसभर उडतात. त्या सहज दहा-अकरा मीटर लांब जातात, म्हणजे आपली बहुतेक शेड त्यांच्या टप्प्यात संपूर्ण येते. फायबरच्या होड्या बनवतात तिथे रेझिन आणि अ‍ॅसिटोनचे डबे उघडे असतात आणि वाफ भरून राहिलेली असते. काजूच्या कारखान्यात भट्टी किंवा बॉयलर असतो आणि शेजारी टरफलांचा ढीग. त्या टरफलांत तेल असते, म्हणून ती किती जोमाने जळतात ते आपल्याला सांगायला नको. आंब्याच्या शेडमध्ये भाताच्या पेंढ्यात आढी लावलेली, बाजूला लाकडी पेट्यांच्या थप्प्या. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, श्रावणात मूर्ती वाळाव्यात म्हणून मोठमोठे हॅलोजन लावलेले आणि रंगाच्या थिनरचा वास. बागेतल्या मांगराला तर बाहेरूनही धोका आहे. फेब्रुवारीपासून भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्याची, कामे चालू असतात, कातळावरच्या वाळल्या गवताला वणवा लागतो, आणि मांगराच्या वळचणीला फोमची कड बाहेर डोकावत असते. कलमे वाचवायला आपण जाळरेषा काढतो. मांगराच्या वळचणीकडे मात्र कोणी वर मान करून बघत नाही.

यात खाऱ्या हवेने गंजलेले वायरचे जोड धरा. आपल्या किनाऱ्यावर बोर्डाच्या आतला स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत हिरवा पडतो. तो सैल होतो, तापतो, ठिणगी सोडतो. फोम मारताना वायर त्यातच गाडून टाकण्याची पद्धत पडली आहे. ती तर फार वाईट, कारण गाडलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला जागाच उरत नाही.

परदेशातल्या बांधकाम नियमांत यावर उपाय लिहिलेला आहे. अमेरिकेच्या नियमानुसार माणसांच्या वापरातल्या जागेत फोम आणि खोली यांच्यामध्ये असा थर हवा की जो निदान पंधरा मिनिटे फोमला पेटण्याच्या तापमानापर्यंत पोचू देणार नाही. अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड हे त्याचे सर्वमान्य उदाहरण. आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६च्या चौथ्या भागात अग्निसुरक्षेचा सविस्तर विचार आहे, आणि महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ मालकावर आणि ताबा असणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. पण गावातल्या वीस बाय चाळीसच्या शेडमध्ये येऊन वर बघणारा अधिकारी मला माझ्या कामात क्वचितच भेटला. तिथे पोचणारे शासन म्हणजे आपणच.

पंधरा मिनिटे म्हणजे काय, हे शहरात आणि आपल्या गावात सारखे नाही. शहरात तेवढ्यात बंब कोपऱ्यावर येतो. आपल्याकडे बंब नगरपरिषदेत किंवा एमआयडीसीत उभा असतो, आणि मधे घाटी, नदीवरचा अरुंद पूल आणि चिऱ्यांच्या गडग्यांमधली वाट. देवगड, राजापूर, गुहागर तालुक्यांतल्या किती वाड्यांवर तो पंधरा मिनिटांत पोचेल ते आपणच सांगा. म्हणून हा वेळ बंबाच्या भरवशावर मोजू नये. तो आतल्या पाच-सहा माणसांना बाहेर पडायला, सिलिंडर बाहेर ओढायला, मेन स्विच पाडायला आणि आग हाताच्या टप्प्यात असताना विझवायला मिळालेला वेळ आहे. उघड्या फोमखाली तो मिळतच नाही.

झाकायचे कशाने, हे आता मोकळेपणाने सांगतो, कारण इथेच लोक सर्वांत जास्त गोंधळतात.

पहिली पसंती बोर्डाला. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा भाग हा त्यात रासायनिक बांधलेले पाणी असते. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जाते आणि तोवर बोर्डामागचे तापमान फारसे चढत नाही. कोकणात साधा बोर्ड पावसाळ्यात ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते, म्हणून ओलरोधक, हिरव्या कागदाचा बोर्ड घ्यावा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा. आधी पत्र्याची गळती बंद करा, मग बोर्ड लावा. बोर्डाचे स्क्रू लोखंडी पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना) किंवा त्यावर बसवलेल्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, फ्रेमला गेले पाहिजेत. मी अशी कामे पाहिली आहेत जिथे प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बोर्ड नुसता फोमला टोचून ठेवलेला होता. आग लागली की खुंटी वितळेल आणि बोर्ड कामगाराच्या डोक्यावर येईल. सांधे टेप लावून जिप्समच्याच मसाल्याने भरावेत, कारण उघड्या सांध्यातून ज्वाळा नेमकी फोमपर्यंत जाते. या छताचे वजन चौरस मीटरला आठ ते दहा किलो होते. आपल्या पंचाहत्तर मीटरच्या शेडवर सहा-सातशे किलो आणि वर फ्रेमचे वजन. कैच्या (छत पेलणारे लोखंडी त्रिकोणी सांगाडे) तेवढे वजन सोसतात का, हे आधी तपासून घ्यायला सांगा. हलक्या पाइपच्या शेडना मधे आधार वाढवावा लागतो.

दुसरा मार्ग आपल्या गवंड्याला चांगला ठाऊक आहे. फोमवर चिकन मेश लोखंडाला पक्की बांधून त्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा. भिंतीला हा उत्तम. ओल, उंदीर, धक्के, सगळे सोसतो. छताला मात्र जपून, कारण १२ मिलिमीटर गिलाव्याचे वजन चौरस मीटरला चोवीस-पंचवीस किलो होते, म्हणजे त्याच शेडवर पावणेदोन टनांच्या पुढे. वादळात थरथरणाऱ्या पत्र्याखाली तो तडकतोही. म्हणून माझा सल्ला असा की कमरेपासून वरच्या भिंती आणि वेल्डिंगच्या जागेमागची भिंत गिलाव्याने झाकावी आणि छत बोर्डाने.

तिसरा मार्ग लेपाचा. फोमवर मारायचा एक खास लेप मिळतो. तो तापला की फुगतो आणि कोळशाची जाड साय तयार करून खालच्या फोमला धग लागू देत नाही. वजन नगण्य, खडबडीत फोमवर सरळ फवारता येतो, म्हणून फोमवाले हाच आधी सुचवतात. तो चांगला आहे, पण त्याचे पथ्य कडक आहे. तो लेप फोमवर चाचणी केलेला असला पाहिजे. लाकडासाठीचा किंवा लोखंडी खांबासाठीचा आगरोधक रंग फोमवर चालत नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो. चाचणी अहवालात जेवढी ओल्या थराची जाडी दिली आहे तेवढी बसलीच पाहिजे, आणि ती दातेरी पट्टीने ओल्या लेपात टोचून जागोजागी मोजता येते. फवारणी करणाऱ्याकडे ती पट्टी नसेल तर त्याला परत पाठवा. फोम फार उंचसखल असेल तर खळग्यांत लेप साचतो आणि शेंड्यांवर पातळ राहतो, म्हणून माल जास्त लागतो. ठेकेदार नेमका तिथेच हात आखडतो. बऱ्याच लेपांत अमोनियम पॉलिफॉस्फेट असते आणि दमट हवेत ते हळूहळू धुपते. आपल्या किनाऱ्यावर त्यावर उत्पादकाने सांगितलेला वरचा कोट हवाच. हे काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये करावे. जुलैत मारलेला लेप नीट वाळत नाही.

दोन गोष्टी मात्र झाकण म्हणून मोजू नयेत. एक, पीव्हीसीची चकचकीत पॅनेल, जी हल्ली घराघरांत आणि दुकानांत लागली आहेत. ती स्वतःच मऊ होऊन खाली येतात. दुसरी, साधा डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट. रंगाने फोम ऊन सोसतो, दिसायला बरा दिसतो, आगीच्या बाबतीत काहीही बदलत नाही.

ज्याने अजून फोम मारलेलाच नाही, त्याला रॉकवूलची पण माहिती द्या. दगडापासून काढलेल्या धाग्यांचा तो गालिचा जळत नाही. ओल लागली तर जड होतो आणि निकामी होतो, म्हणून आपल्या हवेत नीट गुंडाळून, खालून पत्रा लावूनच बसवावा लागतो. भट्टी किंवा बॉयलर असलेल्या शेडमध्ये मी फोमऐवजी तोच घ्यायला सांगतो.

फवारणीच्या दिवसाबद्दलही एक अट हवी. फोम फुगताना स्वतः तापतो. एका दमात फार जाड थर मारला तर तो आतून करपतो आणि काही वेळा पेटही घेतो, म्हणून थर पातळ आणि मधे थांबून मारावेत. फोमच्या दोन द्रव्यांपैकी एकात असलेल्या आयसोसायनेट या रसायनाने फुप्फुसाला कायमचा दमा जडू शकतो. फवारणाऱ्याने योग्य मास्क घालावा, आणि त्या दिवशी शेडमध्ये दुसरे कोणी, विशेषतः पोरे, नकोत.

झाकण बसले तरी वेल्डिंगची शिस्त सुटत नाही. दुरुस्तीसाठी छताजवळ गॅस कटर किंवा वेल्डिंग चालवायचे असेल तर जवळचा माल हलवा, बादलीभर पाणी आणि अग्निशामक हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच थांबू द्या. फोमच्या मागे ठिणगी धुमसत राहते आणि माणसे जेवायला घरी गेल्यावर भडकते. अग्निशामक आयएस १५६८३ चा शिक्का असलेला घ्यावा आणि दरवाजाजवळ टांगावा. आत कोपऱ्यात टांगलेला अग्निशामक आगीच्या पलीकडे राहतो.

हे सगळे आपल्या कारभारात कसे बसवायचे, त्याचा मसुदा मी मांडतो. ना हरकत दाखल्यात एक अट असू द्या: "शेडच्या आतल्या बाजूस फोमचे आवरण असल्यास ते किमान साडेबारा मिलिमीटर जिप्सम बोर्डाने, सिमेंट गिलाव्याने किंवा फोमवर चाचणी झालेल्या आगरोधक लेपाने पूर्ण झाकलेले असावे, लेप असल्यास चाचणी अहवालाची प्रत आणि थराच्या जाडीची नोंद जोडावी." दाखला देण्याआधी एखाद्या सदस्याने आत जाऊन वर बघावे आणि मोबाइलवर फोटो काढून फाइलला लावावा. जुन्या शेडना एक कोरडा हंगाम द्या, नोव्हेंबर ते मे. जिथे वेल्डिंग, रेझिन किंवा भट्टी आहे त्यांना आधी सांगा. बोर्डाचा खर्च छोट्या माणसाला जड जातो, हे मला रोज दिसते. ज्याला एकदम जमणार नाही त्याने निदान कामाच्या जागेवरचा भाग आणि बाहेर पडण्याच्या वाटेवरचा भाग आधी झाकावा, आणि तोवर गरम काम शेडबाहेर, अंगणात करावे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पाऊस ओसरलेला असतो, कामांचा हंगाम सुरू व्हायचा असतो, आणि गॅरेजवाले, काजूवाले, बागायतदार सगळे तिथे असतात. आपण बोलावलेत तर बोर्डाचा तुकडा, मेश लावलेला गिलाव्याचा नमुना आणि जाडी मोजायची पट्टी घेऊन मी येईन, आणि गावातल्या एका शेडमध्ये सर्वांना घेऊन जाऊन कुठे काय लावायचे ते जागेवर दाखवीन. त्यासाठी पैसे नकोत.

आपला,
एक शेड-फॅब्रिकेटर,
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी